चुलवाल्याचा मोक्ष

माझ्या सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. वाकायचं नाही, खोकायचं नाही, रागवायचं नाही. पहिल्या दोन मामंजींनी मान्य केल्या. तिसरीचा त्यांना इतका राग आला की डॉक्टरांना पट्टी पुन्हा बांधावी लागली.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी जामसंड्याहून सून होऊन वालावलीला आले होते. नवरा मुंबईला नोकरीत, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सकाळी मी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि दुपारी पडवीत बसून मामंजींना वाचून दाखवायची, कारण डोळ्यांवर पट्टी असताना त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. घरातल्या पोथ्या त्यांना पाठ. मी ओळ सुरू करायची, ते संपवायचे. यात दोघांनाही मजा नव्हती.

शेवटी मी माझ्या भावानं मुंबईहून पाठवलेलं एक पुस्तक काढलं. रशियन गोष्टींचं मराठी भाषांतर.

"रशियातल्यो?" मामंजी म्हणाले. "थंय देव नाय म्हणतत."

"गोष्टी जुन्यो आसत, मामंजी. तेव्हा होतो."

"मगे वाच. होतो तेव्हाचा वाच."

आमच्या पडवीसमोर कुंपणाचा कमरेएवढा दगडी गडगा होता आणि गडग्यापलीकडे मामंजींच्या चुलतभावाची पडवी. त्यांना मी काका म्हणायची. वाडीतल्या लहानशा देवळाच्या उत्सवात मानाचा नारळ आधी कोणी घ्यायचा, यावरून दोघांचं बिनसलं होतं आणि त्यानंतर ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. पण गप्प बसले होते असंही नाही. दोघंही आपलं म्हणणं रेड्याला, कावळ्याला, वाटेवरच्या माणसाला सांगत, ते पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. माझं लग्न झाल्यावर ते मला सांगायला लागले आणि रेड्याला जरा विसावा मिळाला.

मी वाचलेल्या गोष्टींतली एक दोघांनाही झोंबली. बर्फाळ गावात एक चुली बांधणारा म्हातारा. शेजाऱ्यानं त्याची नको ती बदनामी केलेली, म्हणून त्या घरची मोडकी चूल दुरुस्त करणार नाही अशी यानं शपथ घेतलेली. कडाक्याच्या थंडीत त्याला शेजारच्या धुराड्यातून धूर दिसत नाही. घरात पोरंबाळं. म्हातारा हत्यारं घेऊन जातो, शेजाऱ्याला अखंड शिव्या देत चूल बांधतो, माफी मागायला आलेल्या शेजाऱ्याला हाकलून देतो आणि घरी येऊन थोड्याच दिवसांत मरतो. गोष्ट संपली.

"मेलो? आणि मगे?" मामंजींनी विचारलं. "सरगात गेलो की नरकात?"

"ता लिवलेला नाय."

"नाय कसा? मुख्य ताच तर लिवक होया होता!" त्यांनी जरा विचार केला. "सरगातच गेलो. पोरांका ऊब दिल्यान. थंय कर्म बघतत, तोंड नाय."

गडग्यापलीकडे सुपारी सोलत बसलेल्या काकांनी आपल्या रेड्याला हाक मारली. "ऐकलंस रे? शिव्या घालून पुण्य मिळता म्हणे! तसा असता तर ह्या वाडीतले कितीतरी सदेह वैकुंठात गेले असते. मन साफ नाय, तर मोक्ष खंयचो?"

"सुने," मामंजी शांतपणे म्हणाले, कारण रागवायचं नव्हतं, "त्या रेड्याक सांग, फुकट ऐकणाऱ्यांका नरकातसुद्धा जागा मिळणा नाय."

काका चोरून ऐकतात हे कळल्यावर माझ्या अंगात खोडी आली. मी बसायची जागा गडग्याकडे सरकवली. काका बागेतून यायला उशीर झाला की पहिलं पान पुन्हा वाचायची. "ह्या आताच वाचलंस नाय?" मामंजी विचारायचे. "छपाईत दोनदा इला आसा," मी सांगायची. आणि एखादा रशियन माणूस पश्चात्ताप करणार की गळफास लावून घेणार अशा ठिकाणी आलं की पुस्तक मिटून म्हणायची, "भात करपतलो." दोन्ही पडव्यांतून एकदमच हुंकार यायचा.

मग आमचा गडी तापानं पडला. फाल्गुनातलं ऊन, पोफळींना पाणी नाही, आणि रहाट चालवणारं घरात कोणी नाही. मी मजूर शोधत होते, पण ज्याच्या त्याच्या बागेला पाणी हवं होतं. झावळ्या मान टाकायला लागल्या, तरी हे मी मामंजींना सांगितलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी आमच्या विहिरीवर रहाट करकरायला लागला. मी परसात धावले. काकांनी आपला रेडा आणून आमच्या रहाटाला जुंपला होता आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते त्या बिचाऱ्याला शिव्या देत होते.

"चल, आळशा! ह्या बागेच्या धन्यासारखो पसारलंस काय? माका ह्या घराचा प्रेम इला म्हणान नाय इलंय मी! झाडांनी काय पाप केल्यानी?"

पडवीत मामंजी ताडकन उठून बसले. "कोण तो?"

"काका."

मामंजी पट्टी बांधलेला चेहरा विहिरीकडे वळवून ओरडले, "पाणी मुळात घाल, वाटेर नको! डोळे झाकलेत, कान नाय!"

"ह्या माका शिकवता! स्वतःची अर्धी बाग सुकवल्यान ह्या माणसान!"

त्या सकाळी तिसऱ्या पथ्याचं काय झालं ते डॉक्टरांना मी कधी सांगितलं नाही. पण आजारपणात मामंजींना एवढं तरतरीत मी पहिल्यांदाच पाहत होते. आंबोळ्याही त्यांनी दोन जास्त खाल्ल्या.

दुपारी मी पुस्तक उघडायच्या आत ते घसा खाकरून म्हणाले, "सुने, त्या चुलवाल्याचा मी विचार केलंय. नरकातच गेलो असतलो. नुसता काम करून भागणा नाय. मन साफ होया."

गडग्यापलीकडचं सुपारी सोलणं थांबलं. "सरगात!" काका गरजले. आज रेड्याला मध्ये घ्यायचंही विसरले. "थेट सरगात! कर्म बघतत थंय!"

मी पदर तोंडात कोंबला. गडी बरा होईपर्यंत काका रोज शिव्या देत पाणी काढत राहिले आणि रोज दुपारी चुलवाला वर-खाली होत राहिला. मामंजी त्याला नरकात लोटायचे, काका ओढून बाहेर काढायचे. अंतर फार होतं म्हणून की काय, काका आधी गडग्यावर येऊन बसले आणि मग आमच्या पडवीत. मात्र स्वतःचा पाट घेऊन.

मामंजींची पट्टी सुटली त्या दिवशी डोळे किलकिले करून त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते काकांना. "ह्याका हंय कोणी बसवलो?"

"मी तुझ्या घरात नाय इलंय," काका पाटावरून न हलता म्हणाले. "रशियात इलंय."

पुढं उत्सव आला. मला वाटलं, आता जुनं भांडण पेटणार. पुजाऱ्यानं मानाचा नारळ पुढं केला आणि मामंजी म्हणाले, "तेका दी." काका म्हणाले, "नको. तेका दी." मामंजी म्हणाले, "मी आधी म्हटलंय." इतक्या गोष्टी ऐकून दोघांनाही एक कळलं होतं की जो सोडतो त्याला पुण्य. आणि ते दुसऱ्याला मिळू द्यायला दोघंही तयार नव्हते. पालखी खोळंबली. ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले. अखेर पुजाऱ्यानं नारळ पायरीवर फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि जमलेल्यांत वाटून टाकले. "जेका मोक्ष होयो तेणी तुकडो खावचो!"

घरी येताना दोघं शेजारी शेजारी चालत होते आणि पुजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

काही वर्षांनी काका गेले. दिवस-कार्य झाल्यावर एका दुपारी मामंजींनी मला वाचायला सांगितलं. गोष्ट संपली. ते म्हणाले, "ही बाई सरगात गेली." मग सवयीनं काकांच्या जागेकडे मान वळवली. तिथं पाट नव्हता. त्यांचं तोंड बघवेना, म्हणून मी म्हटलं, "माका नाय वाटणा, मामंजी. ती खोटा बोलली."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. सुनेनं सासऱ्याला उलटं बोलायचं नसतं असा काळ तो. मग ते सरसावून बसले आणि आम्ही दिवे लागेपर्यंत भांडलो. पुढं रोजच. पलीकडच्या वाटेनं जाणाऱ्या बायका शाळामास्तरणीच्या जिभेबद्दल काय काय बोलायच्या ते माझ्या कानावर यायचं. मामंजींची तक्रार मात्र वेगळीच होती.

"तुका भांडाक येणा नाय गो," ते म्हणायचे. "माझा पटला की लगेच कबूल करतंस."