हिरवं बटण कोण दाबतं?

माझी थोरली मावशी बस आगारात तिकीट तपासनीस होती. आगारात तिला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. प्रवाशाने तिकीट पुढे केलं की ती आधी माणसाचा चेहरा बघायची आणि मग तिकीट. निवृत्त झाली तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याने हसून नमस्कार केला तरी ती म्हणायची, “आज इतका गोड का बोलतोय हा?”

मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला घरच्या घरी डायलिसिस करायचं मशीन दिलं. पोटात एक मऊ नळी बसवली. रात्री मशीन त्या नळीतून पोटात औषधी पाणी भरायचं, काही वेळ तिथेच ठेवायचं, मग काढून घ्यायचं आणि पुन्हा नवं भरायचं. सकाळपर्यंत हे चक्र चालायचं. पाण्याच्या पिशव्यांचे खोके ठेवायला घरात एकच जागा होती, ती म्हणजे सुनेच्या कामाची खोली. सून शाळेत चित्रकला शिकवायची. तिचे रंग आणि कागद गॅलरीत गेले, आणि खोलीत छतापर्यंत खोके लागले. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी असायचा. घरात ही तिघंच, मावशी, काका आणि सून.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग मावशीला सकाळी पोट तट्ट फुगल्यासारखं वाटू लागलं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागायची. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी मशीनमधलं नोंदींचं कार्ड वाचून पाहिलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“आजी, पाणी काढायचा टप्पा तुम्ही मधेच का वगळता? आत पाणी साठतंय.”

“मी? मी हातसुद्धा लावत नाही.”

“कुणीतरी हिरवं बटण दाबून धरलंय. एकदा नाही, बऱ्याचदा.”

घरी येताना रिक्षात मावशीच्या डोक्यात चक्र फिरत होतं. मागे एकदा सुनेने नर्सला विचारलेलं तिने ऐकलं होतं, “हे सगळं हॉस्पिटलमध्येच नाही का करता येणार?” आता त्याचा अर्थ लागला. खोली परत हवी होती तर! कुठेतरी पाणी मुरतंय, ती स्वतःशीच म्हणाली.

त्या दिवसापासून मावशीने पाळत सुरू केली. झोपायच्या आधी ती दाराच्या कडीला शिवणाचा काळा दोरा बांधायची. सकाळी बघावं तर दोरा जसाच्या तसा, आणि मशीनच्या पडद्यावर मात्र ‘टप्पा वगळला’. दुसरा कुणी असता तर त्याने सुनेवरचा संशय सोडला असता. मावशीने निष्कर्ष काढला, की सून आत येते आणि जाताना नवा दोरा बांधते. बाई हुशार आहे!

काका मावशीच्याच खोलीत झोपायचे. पण त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे उशीवर घेण्यासारखं होतं. स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणारा माणूस तो.

शेवटी एका सकाळी सून मावशीच्या खोलीत पिशव्या गरम करायला ठेवत होती, तेव्हा मावशीचा बांध फुटला.

“खोली हवी असेल तर तोंडाने माग. माझ्या पोटाशी खेळू नकोस.”

सुनेच्या हातातली पिशवी तशीच राहिली. क्षणभर तिला कळेचना. कळलं तेव्हा तिने पिशवी टेबलावर ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, “आई, आजपासून मी या खोलीत पाऊल टाकणार नाही. मग बघू कोण काय दाबतं ते.”

ती शब्दाची पक्की निघाली. खोके काका ओढू लागले, एक हात कंबरेवर ठेवून. घरात बोलणं आटलं. आणि मशीनवरचं ‘टप्पा वगळला’ काही थांबलं नाही. मग मावशीचा संशय मशीनवर गेला. मशीनच खोटारडं आहे, कंपनी स्वतःची चूक पेशंटच्या माथी मारतेय! तिने डॉक्टरांकडे एवढा आवाज केला की कंपनीने मशीनची रचना करणाऱ्या इंजिनियर बाईलाच घरी पाठवलं.

योगायोगाने त्या दिवशी मीही तिथे होते. बाई दारात उभी, हातात मोठी पेटी. मावशीने तिचं ओळखपत्र घेतलं, उलटून पाहिलं, हॉस्पिटलला फोन करून खात्री केली आणि मगच साखळी काढली.

“तुम्हाला माझा विश्वास वाटत नाही,” बाई म्हणाली.

“नाही वाटत. तुम्हाला माझा वाटतो का?”

बाई जरा घुटमळली. “खरं सांगू? ऑफिसात सगळ्यांना वाटतं, तुम्हीच झोपेत दाबता. मलाही तसंच वाटतंय. म्हणून तर बघायला आले.”

मावशीला हे उत्तर आवडलं. ती म्हणाली, “बसा. चहा घ्या.”

बाईने पेटीतून एक सरावाचं मशीन काढलं. ते पोटाऐवजी पाण्याच्या बादलीला जोडलं. मावशीला पलंगावर नेहमीसारखं आडवं व्हायला सांगितलं. मावशीचा एक कान बसच्या गोंगाटात कायमचा गेला होता. चांगला कान उशीवर टेकून ती कुशीवर झोपायची. दार उघडं होतं, आणि सून पलीकडे स्वयंपाकघराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभी होती. काका खुर्चीत पेपर छातीवर ठेवून पेंगत होते. भर दुपार.

बाईने नळी दुमडली, पाणी अडलं. मशीन टीं टीं करू लागलं.

मावशी हललीही नाही. काका मात्र उठले. डोळे अर्धवट मिटलेले. दोन पावलं टाकून मशीनपाशी गेले, अंगठ्याने हिरवं बटण दाबलं आणि आवाज पुरता थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग मावशीच्या खांद्यावरची चादर सारखी केली.

“झालं हं, झोप तू,” म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

पडद्यावर अक्षरं उमटली, ‘टप्पा वगळला’.

आमच्या सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. शांतता कानाला लागली तसे काकांनी डोळे उघडले. “काय झालं? सगळे असे का बघताय?”

मावशी उठून बसली होती. “रोज दाबता तुम्ही हे?”

“आवाज झाला की दाबतो. तुझी झोप मोडू नये म्हणून. का गं, बंद करायचं नसतं का ते?”

मग त्यांना हळूहळू उमगलं. ते मावशीच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

इंजिनियर बाई खाली बसून त्यांच्याशी बोलली. “बाबा, चूक तुमची नाही. एकदा दाबलं की आवाज बंद आणि धरून ठेवलं की टप्पा वगळला, असं एकाच बटणाला दोन कामं मीच दिली. बटणं कमी म्हणजे मशीन सोपं, असं वाटलं होतं मला. आवाज थांबायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ माणूस बटण धरून ठेवणारच, हे सुचलंच नाही.”

मावशीने तेवढ्यातही विचारलं, “म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं?”

“नाही. फक्त दाबणारा कोण ते त्याला कळत नव्हतं.”

संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात गेली. सून भांडी लावत होती.

“तो दोरा मी बांधत होते,” मावशी म्हणाली.

“माहीत आहे. त्या भांडणानंतर रोज सकाळी मीही दाराशी येऊन बघायचे, तुटलाय का ते. मला वाटायचं, तुम्हीच बटण दाबता आणि माझ्यावर घालता.”

मावशी तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. “आगारात हवी होतीस तू.” मग हसू आवरून म्हणाली, “चुकलं माझं. नर्सला तू हॉस्पिटलचं विचारलंस ना, तेव्हापासून डोक्यात भुंगा होता.”

“मला भीती वाटायची, आई. काही कमीजास्त झालं तर घरात मी एकटी काय करणार, म्हणून विचारलं.”

त्यानंतर इंजिनियर बाईने मावशीला बरेचदा कंपनीत बोलावलं, नव्या मशीनची चाचणी करायला. मावशीने हट्ट धरला की टप्पा वगळायच्या बटणाला कुलूप हवं, किल्ली माझ्या गळ्यात. बाईने ऐकलं नाही. “पोटात दुखलं, श्वास कोंडला आणि किल्ली सापडली नाही तर?” मावशीला पटलं, पण कबूल करायला तिने दोन कप चहा घेतला. शेवटी आवाज बंद करायचं बटण वेगळं, मोठं आणि वर आलं. वगळायचं खाली गेलं, आणि दाबल्यावर मशीन ‘खरंच वगळायचं?’ असं मोठ्या अक्षरात दोनदा विचारू लागलं. नळी निघायची बाजूही बदलली, म्हणजे ती गादीखाली दुमडणार नाही.

नवं मशीन घरी आलं, तेव्हा काका त्याच्यापासून लांबच उभे राहिले. “आवाज झाला तर मी कोणतं दाबू?”

“काही दाबू नका. मला उठवा,” मावशी म्हणाली. “माझी झोप मोडली तरी चालेल.”

पायांची सूज उतरली. खोके निम्मे जिन्याखाली गेले आणि सुनेचं टेबल पुन्हा खिडकीपाशी आलं. मावशी त्या मशीनवर पुढे कितीतरी वर्षं जगली. पण ते आपल्याबद्दल डॉक्टरांना आणखी काय काय सांगतं, हा संशय मात्र तिचा कधीच गेला नाही.