ब्रेडचा कोंबडा

आमच्या गल्लीतल्या बेकरीत सकाळी भट्टी पेटली की त्या गोडसर वासानं मी थेट हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला, मुलाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते बघा. दोन हजार पाच-सहा साल असेल. ईस्टर जवळ आला होता. नात शाळेतून काठ्यांचा क्रूस घेऊन आली. त्याच्या टोकावर ब्रेडचा ताजा कोंबडा खोचलेला.

"कोंबडा कशाला रे?" मी मुलाला विचारलं.

"आई, येशूला पकडून आत चौकशी चालली होती. त्याचा मित्र पीटर बाहेर अंगणात शेकत बसलेला. लोकांनी विचारलं, तू त्याच्या माणसांतलाच ना? तो तीनदा म्हणाला, मी ओळखत नाही त्याला. तेवढ्यात, येशूनं आधीच सांगितलं होतं तसा, कोंबडा आरवला. मग येशूला क्रूसावर चढवलं."

"जिवाच्या भीतीनं बोलला असेल बिचारा."

"म्हणून आपल्या माणसाला नाही म्हणायचं?" मुलगा म्हणाला.

थोड्या वेळानं त्याचा डच साहेब कॉफीला आला. माझं सुती लुगडं, वर मुलाचा जुना स्वेटर, पायात मोजे, हात पिठाचे. साहेबानं हसून विचारलं, ह्या कोण? एवढं इंग्रजी मला कळतं. मुलगा म्हणाला, "शी हेल्प्स विथ द चाइल्ड."

तेव्हा मला माझ्याच अवताराची लाज वाटली. आता नाही वाटत, आता रागच येतो. मी हात धुतले आणि दोघांना कॉफी नेऊन दिली.

पीटर म्हणे बाहेर जाऊन ढसाढसा रडला. माझा मुलगा साहेबाला दारापर्यंत सोडून आत आला आणि म्हणाला, "आई, कॉफी मस्त झाली होती हं."