दाजींचे धुतलेले कपडे

आमच्या दाजींना कामावर सगळे 'थांबासाहेब' म्हणत. साहेब वगैरे ते कधीच नव्हते. ऑफिसं रिकामी करून देणाऱ्या कंपनीत ते एका टोळीचे मुकादम, आणि मी त्याच टोळीचा ट्रक चालवायचो. एखादी कंपनी जागा बदलते किंवा बुडते, तेव्हा मागे टेबलं, कपाटं, फायली, गालिचे, छताच्या फळ्या असा पसारा उरतो. तो उचलून जागा मोकळी करून देणं हा आमचा धंदा. लोक याला नुसती हमाली समजतात. समजोत. चार खणांचं लोखंडी कपाट एकदा जिन्यावरून उतरवून दाखवा, मग बोलू.

कपाटाला कुणी हात लावायच्या आधी दाजी "थांबा" म्हणत. प्रत्येक खण उघडून बघत आणि मग कपाट दोरीने आवळत, कारण वाटेत खण सुटला तर तो खालच्या माणसाच्या छातीवर येतो. लिफ्टमध्ये सामान गेलं की माणसांनी जिन्याने यायचं. कचऱ्याची पिशवी कधी छातीशी धरायची नाही, हात लांब ठेवून न्यायची. आत काच असेल तर ती आधी तुम्हाला भेटते. एकदा एक नवा गडी वैतागून म्हणाला, "साहेब, अशानं संध्याकाळ होईल."

"होऊ दे," दाजी म्हणाले. "संध्याकाळी सगळ्यांना घरी जायचंय, म्हणूनच सांगतोय."

बाकीचे मुकादम म्हणत, हा माणूस नाकाने कांदे सोलतो. पण बावीस वर्षांत दाजींच्या टोळीतल्या एकाचंही बोट गेलं नाही. तसं म्हणणाऱ्यांपैकी एकाला स्वतःचा अंगठा नाही, हे मी आवर्जून सांगतो.

कपड्यांच्या बाबतीतही त्यांचं तेच. कामाचे कपडे रोज धुतलेले हवेत. मळक्या बाहीत अडकलेला काचेचा तुकडा दिसत नाही, स्वच्छ बाहीवर चटकन दिसतो, हे त्यांचं कारण. कंपनीच्या गोदामात कपडे धुऊन मिळायचे, पण आठवड्यातून दोनदा, आणि तेही बटणं तुटून. त्यामुळे दाजी रोज मळके कपडे पिशवीत भरून घरी नेत. मी आळशी. माझे कपडे आठ आठ दिवस गोदामातल्या कपाटात कुजत पडायचे. दाजी म्हणायचे, "तुझी पँट एक दिवस एकटीच चालत कामावर येईल."

घरी ती पिशवी ताई घ्यायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी दारात आले की तिचा हात पुढे. मग मागच्या गॅलरीत जाऊन एकेक कपडा दोनदा झटकायची. खिशातून टाचण्या आणि क्लिपा निघायच्या, त्या एका बरणीत टाकायची. मी तिथेच खुर्चीवर बसून चहा प्यायचो. कठड्यावर पांढरी भुकटी पडायची आणि ताई म्हणायची, "अहो, ऑफिसात गेला होतात की गिरणीत?"

तेव्हा आमच्याकडे जुन्या इमारतींची कामं फार होती. छताच्या पांढऱ्या फळ्या आम्ही पहारीने फोडून खाली पाडायचो. दाजी डोक्यावर टोपी आहे का, डोळ्यांवर चष्मा आहे का, ते बघत. धुळीसाठी तोंडाला रुमाल, बस्स. धूळ ती धूळ, अंघोळ केली की गेली. त्या फळ्यांत काय आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते फायलीत लिहून ठेवलं असेल, आणि त्या फायलीही आम्हीच खांद्यावरून उतरवल्या असतील. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी ताईला दोन जिने चढवेनात. छातीत पाणी झालं. ते काढलं, तर पुन्हा झालं. डॉक्टरांनी आतला तुकडा तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी दाजींना तिनेच बळजबरीने कामावर धाडलं आणि मला सोबत घेतलं. डॉक्टरीणबाई वयाने लहानच होत्या. त्यांनी विचारलं, "कधी कारखान्यात काम केलंय?"

"नाही. मी घरीच असते."

"मिस्टर काय करतात?"

ताईने सांगितलं. बाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "त्यांचे कामाचे कपडे कोण धुतं?"

ताई आपल्या हातांकडे बघत राहिली.

बाईंनी मग सगळं समजावलं. फळ्यांत ॲस्बेस्टॉस होतं. त्याचे केसाहून बारीक तंतू एकदा छातीत गेले की बाहेर येत नाहीत. वीस वर्षं गप्प बसतात आणि मग फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. उपचार आहेत, पण त्यांनी हा आजार जात नाही.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ताई म्हणाली, "यांना कपड्यांचं सांगायचं नाही. डॉक्टरांनाही मी मागे थांबून तसं सांगून आलेय. आजार कळेल, तेवढा पुरे."

"अगं, पण..."

"मी गेल्यावर ते एकटे असणार. हे त्यांना उचलवणार नाही. माझी शपथ आहे तुला."

मी शपथ पाळली. पण पुढचं मला ठाऊक नव्हतं. ताई पिशवी घेतच राहिली. जिना चढवत नव्हता, चार वाक्यं सलग बोलवत नव्हती, तरी संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती कपडे झटकायची. दाजी म्हणायचे, राहू दे गं, मी करतो. ती ऐकायची नाही. एकदा मी तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "थांबले तर ते विचारतील, का थांबलीस. आता माझं आणखी काय व्हायचंय?" मी हात सोडला. तेव्हा मी सोडायला नको होता, असं मला रोज वाटतं.

दाजी मला विचारायचे, "हिलाच का रे झालं?" मी म्हणायचो, नशीब. त्यांचा नशिबावर कधी विश्वास नव्हता. कपाट पडलं की ते आधी दोरी तपासायचे.

चार महिन्यांनी कंपनीने गोदामात एक शिकवणी ठेवली. बाहेरून आलेला माणूस भिंतीवर चित्रं दाखवत होता. काम संपवून कपडे बदलून आम्ही बसलो होतो. दाजी पहिल्या रांगेत, पिशवी पायाशी. एका चित्रात फुटलेली पांढरी फळी आली. तो माणूस म्हणाला, "या कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. घरच्या माणसाने झटकले, तर हीच धूळ त्याच्या छातीत जाते."

दाजींनी हात वर केला. "किती दिवस झटकले तर?"

"नक्की सांगता येत नाही. पण वर्षानुवर्षं झटकले असतील, तर धोका मोठा."

"बरं," दाजी म्हणाले. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली माझ्या बुटांकडे बघितलं. तेवढ्याने त्यांना कळलं की मला आधीपासून माहीत होतं.

मी त्यांना ट्रकमधूनच घरी सोडलं. पिशवी गोदामात ठेवायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. ती त्यांच्या मांडीवर होती. मी सोबत वर गेलो. ताईने दार उघडलं आणि रोजच्यासारखा हात पुढे केला.

"थांब," दाजी म्हणाले.

बावीस वर्षं त्यांनी हे जगाला सांगितलं होतं. या दारात मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"त्याने नाही सांगितलं," दाजी म्हणाले. "आज गोदामात शिकवलं."

"आणा हो इकडे," ताई म्हणाली. दोन श्वास घेऊन पुढे म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं?"

त्यांनी पिशवी दिली नाही. तसेच मागे वळले आणि जिना उतरू लागले. ताईने मला खूण केली, जा. मी गेलो, तर ते अगदी खालच्या पायरीवर बसले होते. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती.