मदरबोर्ड गेलाय म्हणे

कॉम्प्युटर माझा होता. हे आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

लग्नाआधी मी नांदेडला वर्षभराचा हार्डवेअरचा कोर्स केला होता. वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं, गळ्यातलं काही करू का? मी म्हणाले, कॉम्प्युटर घ्या. तो माझ्याबरोबर आखाडा बाळापूरला आला आणि समोरच्या खोलीत टेबल टाकून मी टायपिंग सुरू केलं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका. दोन हजार सालानंतरची ती पहिली तीन-चार वर्षं. गावात तेव्हा असं काम करणारे आम्ही दोघं, मी आणि स्टँडाजवळचा एक टायपिस्ट.

घटक चाचण्या तोंडावर आल्या होत्या आणि दोन शाळांचे पेपर माझ्याकडं होते. सकाळी बटण दाबलं तर आतला पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळाच. आणि आतून लांब शिट्टीसारखा आवाज. थांबायचा, पुन्हा यायचा. मी मॉनिटरची वायर काढून परत घट्ट बसवली. काही फरक नाही. कोर्सला सरांनी हे दहादा सांगितलं होतं: असा लांब आवाज आला की आधी रॅम पाहायची. रॅम म्हणजे आतली बोटभर लांबीची पट्टी. ती हलली किंवा तिच्यावर धूळ बसली की मशीन असंच ओरडतं.

मी वीज बंद केली, मागचे स्क्रू काढायला घेतले, तेवढ्यात नवरा अंघोळ करून आला. तो जवळच्याच गावात शिक्षक.

"काय करून राहिलीस?"

"उघडून पाहते. रॅम हलली असंल."

"नको उघडू. आणखी बिघडलं म्हंजे? हिंगोलीहून माणूस बोलावतो."

मी स्क्रू परत बसवले. का बसवले, याचा राग मला पुढं आलेल्या त्या मेकॅनिकवरच्या रागापेक्षाही जास्त येतो.

हिंगोलीचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आला. नवऱ्याला जयभीम घातला, सासऱ्यांना घातला, माझ्याकडं पाहिलंही नाही. मशीन चालू करून आवाज ऐकला. मग विचारलं, "सर, याला घरात कोण हात लावतं?"

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मग बराबर," मेकॅनिक म्हणाला.

मी म्हणाले, "लांब बीप येतोय. रॅम काढून पुसून पाहा की."

"वहिनी, जरा पाणी मिळंल का?"

मी पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत त्यानं मशीनच्या डब्याची बाजू उघडून आत फुंकर मारून बंदही केली होती. "मदरबोर्ड गेलाय सर. नांदेडहून मागवावा लागतो. आठ-दहा दिवस धरून चाला." नवरा मान हलवत होता. सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "व्हय, नाजूक वस्तू हाये ती."

त्या दिवसांत मशीनवर चादर टाकून ठेवली होती. शाळेचा शिपाई दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तो पेपरांचे कागद परत न्यायला. ते स्टँडाजवळच्या टायपिस्टकडं गेले. घरी कुणी आलं की मामा सांगायचे, "सुनेनं मशीन बिघडवलं." वाईट हेतूनं नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. मी आत भाकरी थापत ते ऐकायचे आणि परातीत पीठ असं आपटायचे की सासूबाई डोकावून बघायच्या.

सातव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चादर काढली, वायर काढली, डबा आडवा करून उघडला. आत बोटभर धुळीचा थर. डब्याच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून रॅम उचलली. तिचे सोनेरी दात काळपट पडले होते. टेबलावरच्या खोडरबरानं ते हलक्या हातानं पुसले, धूळ ब्रशनं झाडली, पट्टी परत दाबून बसवली. दोन्हीकडून खट् आवाज आला. वायर जोडली, बटण दाबलं. एकच छोटा बीप, आणि स्क्रीनवर अक्षरं.

मला हसू आलं नाही. सात दिवस गेले होते आणि कामाला लागले होते फक्त दहा मिनिटं. मी दातओठ खात समोर बसून राहिले.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आपोआप सुरू झालं?"

"मी केलं. रॅमच होती."

"त्यानं त्या दिवशी आत फुंकलं होतं ना, त्यानं झालं असंल." आणि थोडं थांबून, "परवा तो बोर्ड घेऊन येऊन राहिला. मागवलाच हाय तर बसवून घेऊ. हा जुना कवाही जाईल."

त्याच क्षणी मी काय करायचं ते ठरवलं.

ठरल्या दिवशी सकाळी, सगळे चहाला बसलेले असताना, मी मशीन उघडलं आणि रॅम काढून टेबलाच्या खणात ठेवली. मेकॅनिक खोकं घेऊन आला. बटण दाबलं, तोच लांब आवाज.

"बघा सर, गेलाच पूर्ण." त्यानं डबा उघडला आणि जुन्या बोर्डाचे स्क्रू फिरवायला लागला. तिथं एक खाच रिकामी आहे, हे त्यानं पाहिलं नाही.

"थांबा," मी म्हणाले आणि पट्टी त्याच्यासमोर ठेवली. "ही कुठं बसते?"

त्यानं पट्टीकडं पाहिलं, मग आत पाहिलं. "वहिनी, ही तुमच्याकडं कशी?"

"सकाळी मीच काढली. परवापासून मशीन बराबर चालू होतं, सरांना विचारा. त्या दिवशी मी रॅम म्हणाले तर तुमी पाणी मागितलं. हा आवाज बोर्डच काढतो. तो गेला असता तर हे वाजलं असतं कशानं?"

मामांच्या हातातला अडकित्ता थांबला होता. मी पट्टी बसवली, बटण दाबलं, स्क्रीन लागला. मेकॅनिकनं खोकं पिशवीत घातलं. "होतं कधी कधी," तो म्हणाला, तेही नवऱ्याला. "येतो सर."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "बाहेरच्या माणसासमोर असं काहून केलंस? मला सांगायचं."

"सांगितलं होतं."

तो चिडला, आणि मी चिडलेलीच होते. मामांनी मात्र लोकांना सांगणं थांबवलं. मशीन सुनेनं दुरुस्त केलं, हे त्यांनी कुणाला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही.

त्या पावसाळ्यात नवऱ्याच्या शाळेचं मशीन बंद पडलं. मुख्याध्यापक ते रिक्षात घालून आमच्याकडं घेऊन आले आणि ठेवून बाजारात गेले. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. मी वायर बदलून पाहिली, मग माझ्या मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा काढून त्याला जोडला. सुरू झालं. मी नवऱ्याला म्हणाले, त्यांचा हा डबा जळलाय, बाकी मशीन ठीक आहे. मी आत हात धुवायला गेले, तेवढ्यात मुख्याध्यापक परतले आणि बाहेरून नवऱ्याचा आवाज आला: "सर, पॉवर सप्लाय गेलाय. मी लावून पाहिला दुसरा."

ओल्या हातांनीच मी बाहेर आले.

"मी पाहिला लावून," मी म्हणाले. "काय विचारायचं ते मला विचारा, सर."

नवऱ्याचे कान लाल झाले. मुख्याध्यापक एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली आणि विचारलं, "मॅडम, हा जळतो कशानं?"

मी त्यांना सांगायला लागले.