घटाची माती

हे मी लिहावं की नाही, याची अजूनही मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि गेलेला माणूस घरातलं बाहेर सांगू लागला तर त्याला शिकवलं हेच चुकलं, असं आमच्याकडे म्हणतात. भाषा सजवणं मला जमत नाही. मातीबद्दल लिहायचा अधिकारही खरं तर माझ्याहून खूप शिकलेल्या लोकांचा आहे. पण ते लोक मातीबद्दल काय लिहितात हे मी जवळून पाहिलं आणि मग थोडा धीर आला. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं घर मांजरीच्या बाजूला. गाव शहरात गेलं त्याला बरीच वर्षं झाली. आजोबांनी आमचं वावर एका प्लेटिंगच्या कारखान्याला विकलं होतं. लोखंडी नळांना, दांड्यांना क्रोमची चकाकी द्यायचं काम तिथे चालायचं. चकाकी गिऱ्हाइकाकडे जायची आणि टाकीतलं उरलेलं पाणी आमच्या जुन्या वावरात मुरायचं. वावर विकलं तरी त्याची माती आपलीच, असं मात्र आमच्या घरात अजूनही मानतात. नवरात्रात घटाला स्वतःच्या वावरातलीच माती लागते. म्हणून दादा दरवर्षी कारखान्याच्या मागच्या पडक्या भिंतीतून आत जायचा आणि टोपलीभर माती घेऊन यायचा. वॉचमन ओळखीचा होता, त्याला देवीचं कारण पुरायचं. मागचा तो कोपरा टाक्यांपासून लांब होता. तिथल्या मातीत घट चांगला उगवायचा. दसऱ्याला टोपीत खोवलेला तुरा डोलायचा, इतका उंच.

कारखाना बंद पडला, मोकळा राहिला, मग जागा एका बिल्डरने घेतली. शेड पाडल्या, जमिनीतल्या टाक्या उपटल्या आणि टाक्यांखालची माती नेमकी त्या मागच्या भिंतीला लावून टाकली. त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. आमच्या घरात तो लावला गेला.

त्या नवरात्रात नवी सून म्हणून घट वहिनींनी पेरला. गहू, ज्वारी, सगळं रीतीप्रमाणे. मोड फुटले, बोटभर वर आले आणि बुडाशी काळे पडून आडवे झाले. आई काही बोलली नाही, फक्त रोज सकाळी पाणी घालायला स्वतः पुढे होऊ लागली. दसऱ्याला दादाने शेजारच्यांचा तुरा मागून टोपीत खोवला. पुढच्या वर्षी परडीतली माती जवळजवळ तशीच राहिली. मग मात्र आई बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. पायगुण हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. तो चुलीजवळ, भाकरी थापणाऱ्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून उच्चारला की कसा लागतो, ते तेव्हा कळलं. वडिलांना अशा वेळी ऐकू कमी येतं. एरवी त्यांचे कान तिखट आहेत.

भाऊबीजेला वहिनी पुरंदरकडे माहेरी निघाल्या तेव्हा पिशवी उचलता उचलता मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या कॉलेजात सगळ्याचा तपास करत्यात म्हणं. एकदा माझाबी करून घ्या."

त्यांना आणायला कुणी गेलं नाही. दादा खराडीच्या एका कंपनीची गाडी चालवतो. ऑफिसात काम करणाऱ्या बायकांना रोज त्यांच्या दारापर्यंत सुखरूप सोडायचं, हीच त्याची नोकरी. स्वतःच्या बायकोला दारापर्यंत आणायला त्याला वेळ मिळेना. विचारलं की म्हणायचा, आईचं मन शांत होऊ दे. आईचं मन शांतच होतं. अशांत व्हायचं कारण तिने माहेरी पाठवून दिलं होतं.

त्या हिवाळ्यात कॉलेजातल्या आमच्या पर्यावरणशास्त्राच्या विभागातून एका सल्लागार कंपनीकडे काही मुलं शिकाऊ म्हणून पाठवायची होती. जुन्या कारखान्याची दूषित माती साफ करायचं काम. जागेचं वर्णन ऐकल्यावर मी उभा राहून सांगितलं की ते आमचं वावर आहे. सरांना आनंद झाला, कारण मला बसभाडं द्यावं लागणार नव्हतं.

मी फार आशेने गेलो होतो, हे सांगायला आज लाज वाटते. माती साफ होते, त्याचं शास्त्र आहे, आणि ते शास्त्र आपल्या वावरात येतंय, याचंच मला अप्रूप. पहिले काही दिवस तसं झालंही. पुढच्या अंगाची माती खोदून झाकलेल्या ट्रकमधून लांब, धोकादायक कचरा पुरतात तिथे रवाना झाली. त्या दिवसांत तपासणीला अधिकारी येत होते. मग त्यांचं येणं थांबलं आणि ट्रकही थांबले. उरलेली माती जेसीबीने मागच्या भिंतीकडे सरकवली, टाक्यांखालच्या ढिगात मिसळून सपाट केली, त्यावर मुरमाचा पातळ थर पसरला आणि पुढच्या बाजूला हिरवळीच्या तयार गुंडाळ्या उलगडल्या. सतरंजी अंथरावी तशी हिरवळ अंथरली. तिच्यावर उभं राहून सल्लागार कंपनीच्या साहेबांनी फोटो काढून घेतले. बुटांना माती लागू नये म्हणून त्यांनी बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. स्वच्छ मातीची एवढी धास्ती घेतलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटचे नमुने घ्यायचे होते तेव्हा पिशव्या धरायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्या जागा हिरवळीच्या आसपास, बाहेरून आणलेल्या मातीत. आदल्या दिवशी मागच्या भिंतीशी मी एक खड्डा पाहिला होता. त्यात साचलेलं पाणी पिवळंधमक होतं. क्रोमियमचं पाणी असं पिवळं असतं, हे आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवलेलं. मी घाबरत घाबरत साहेबांना म्हटलं की एक नमुना तिथलाही घ्यावा.

साहेब पुण्यातलेच, बोलणं अगदी सभ्य. म्हणाले, "आपण शिकाऊ आहात ना? मग शिका की. सुचवता कशाला?"

मी तरीही म्हटलं की पाणी पिवळं आहे. ते म्हणाले की नमुने घ्यायच्या जागांच्या नकाशावर तिथे बिंदू नाही, आणि बिंदू नाही तिथलं पाणी कुठल्याही रंगाचं असू शकतं. बरोबरचे दोघे हसले.

मग मी भिंतीजवळची माती एका डब्यात भरून कॉलेजात नेली. सरांनी डबा उघडलादेखील नाही. नमुना कुणाच्या परवानगीने घेतला, ही माहिती त्यांना मातीत काय आहे त्याहून महत्त्वाची वाटली. घटाचं सांगितल्यावर तर ते प्रसन्न झाले. "अहो, घट उगवणं ही काय प्रमाणित चाचणी आहे का? उद्या कावळा शिवला नाही म्हणूनही नमुने आणाल." पुढच्या वर्षीही मुलांना त्याच कंपनीत पाठवायचं होतं. डबा मी परत आणला.

राहिलं घर. एका दुपारी आई गहू निवडत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. टाक्यांखालची माती कुठे टाकली, कधी टाकली, त्यात बी का कुजतं, आणि वहिनींचा यात काही दोष नाही. पिवळ्या पाण्याचंही सांगितलं. आई मन लावून ऐकत होती. मला वाटलं, पटतंय.

"हळदीवानी पिवळं म्हनतोस, मग ते वाईट कसं असंल?" ती म्हणाली.

हळदीचा धडा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. मी म्हटलं, मग निदान यंदा माती दुसरीकडून आणू. नर्सरीत चांगली मिळते.

"इकतची माती देवीला? तुझी वहिनी शिकवून गेली का हे?"

हिवाळा सरून उन्हाळा लागला तेव्हा साइटच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. हिरवं गवत, त्यावर बागडणारं एक गोरं मूल, आणि खाली मराठीत लिहिलेलं, की शास्त्रीय पद्धतीने या भूमीचं शुद्धीकरण पूर्ण झालेलं आहे. दादाने गाडी थांबवून त्याचा फोटो काढला आणि जेवताना आईला वाचून दाखवला. शुद्धीकरण या शब्दावर आईने हात जोडले. मग दादा माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं, हे मला जास्त लागलं.

"तूच होतास ना तिथं? तुझ्याच सायबांनी लिवून दिलंय, माती चोख हाय. मग घट उगवला न्हाय तो कुणामुळं?"

वडील भात कालवत राहिले. हिरवळीच्या कडेने मी धरलेल्या पिशव्या एका बाजूला बिल्डरचं काम करून गेल्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूला पुरंदरच्या एका घरात बसलेल्या बाईवर त्यांनी शिक्का मारला होता. त्या साहेबांना हे कुणी सांगितलं तर ते म्हणतील, नकाशावर तिथे बिंदू नाही.

पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाल्यावर मी वारज्याला मित्रांबरोबर खोली घेतली. मांजरीपासून वारजे म्हणजे मधे अख्खं पुणं. तेवढं अंतर मला बरं वाटलं. घरी जाणं कमी केलं. वहिनींना एकदा फोन केला. त्या चांगलं बोलल्या, सासवडला शिवणाच्या कामाला जातात म्हणाल्या. घरचं मी काही काढलं नाही, त्यांनीही नाही.

यंदाच्या नवरात्रात मी गेलो नाही. परीक्षेचं कारण सांगितलं. दादा भिंतीतून आत शिरणार, मुरूम बाजूला सारून शुद्ध झालेली माती टोपलीत भरणार, हे मला माहीत होतं. आता तर त्याच्याकडे फोटोही होता.

दसरा होऊन गेला. दादाचा फोन आला तेव्हा मी खोलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. आधी त्याने माझ्या जेवणाखाण्याची चौकशी केली. तो असं कधी विचारत नाही.

मग म्हणाला, "यंदाबी घट उगवला न्हाय."

मी विचारलं, पेरला कुणी?

"आईनं."

आई काय म्हणते, एवढंच विचारलं. ती म्हणते की बियाणं जुनं होतं. दुकानदाराने फसवलं. दोन वर्षं एका बाईच्या पायात असलेला दोष, पेरणारा हात बदलल्याबरोबर वाण्याच्या पोत्यात गेला होता. दादालाही ते कळत असावं, कारण तो फोन ठेवत नव्हता. शेवटी म्हणाला की काल तो पुरंदरला जाऊन आला. आईनेच पाठवलं, पण कुणाला सांगू नको म्हणाली.

"मग? आल्या का वहिनी?"

"च्या दिला. जेवायला वाढलं. निघताना एक पिशवी दिली भरून, तिच्या बापाच्या वावरातली माती. म्हनली, फुडल्या वर्साला ह्याच्यात पेरा, उगवंल. मी काय येत न्हाय."