झिबलाजीच्या खळ्यातला खांब

"हिंगणी पुढच्या वर्षी पाहू," साहेब म्हणाले आणि नकाशाची घडी घालू लागले.

समोर हिंगणीचे गुरुजी बसले होते. शाळेबरोबर गावचं पोस्टही तेच सांभाळत. "साहेब, गाव जंगलाले लागून हाय. साप चावला त डाक्टरसाठी मानूस सेलूले धाडा लागते. तवरक रोगी राह्यते का?"

मी तेव्हा वर्ध्याला टेलिफोन खात्यात नवा ज्युनिअर इंजिनिअर होतो. सेलू, केळझर आणि हिंगणी एकाच लाइनवर घ्यायची होती. पण गावावरून गाव अशी तार ओढली, की ती हिंगणीच्या अलीकडेच संपत होती. जास्तीची तार मिळणार नव्हती.

"सर, एक दिवस द्या," मी म्हणालो.

फळीवर नकाशा चिकटवला. तिन्ही गावांच्या जागी भोकं पाडली. तीन दोऱ्या वर एका गाठीत बांधून भोकांतून खाली सोडल्या आणि वाण्याकडून आणलेली सारखी वजनं त्यांना लटकवली. वजनं खाली ओढतात, तशी वरची दोरी कमी होत जाते. गाठ थांबते तिथून तिन्ही गावांना मिळून सगळ्यात कमी तार लागते. तिथेच जंक्शनचा खांब.

हिशेब केला. तार पुरली! साहेबांनी गाठ दोनदा हलवून पाहिली, ती पुन्हा तिथेच आली.

ती जागा झिबलाजींच्या शेतात निघाली. छान सपाट, टणक जमीन. "सगळ्यात बरोबर जागा हीच," मी त्यांना उत्साहाने समजावलं. ते लगेच हो म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दसऱ्याला फोन लागले. ज्वारी निघाली आणि रोज सकाळी तिन्ही फोन खरखरू लागले.

साहेब वैतागले. "लाइन लांबवली, म्हणूनच हे. हिंगणीचा फाटा तोडा. बाकीची दोन तरी चालू देत."

जड मनाने सायकल काढली. आधी जंक्शनवर थांबलो. बघतो तर काय, आमच्या खांबाला बैल बांधलेले आणि कणसांवर मळणी जोरात! प्रत्येक फेरीला खांब हलायचा आणि वरच्या तारा एकमेकींना लागायच्या.

"झिबलाजी, अहो, हे काय?"

"खळं होय, साहेब. तुमीच त म्हनलं, जागा बरोबर हाय. मले वाटलं, सरकारनं तिवडाच देल्ला."

तिवडा म्हणजे खळ्याच्या मधला खुंट, ज्याभोवती बैल फिरतात. मला हसू आवरेना. आमचाच एक जुना खांब कापून त्यांना बाजूला नवा तिवडा रोवून दिला. फाटा तोडला नाही.

"हा कापलेला खांब हिशेबात कशात दाखवू?" साहेबांनी विचारलं.

"बचतीत, सर."

त्याच आठवड्यात गुरुजींचा फोन आला. "साहेब, डाक्टर टायमावर आले. साप चावलेली बाई वाचली." मी साहेबांच्या टेबलावर चक्क थाप मारली.

भूमितीतल्या बिंदूला लांबी-रुंदी नसते. शेतात मात्र तिथे कुणाचं तरी खळं असतं.