जोकरच्या शेपटीचं आजारपण

समुद्रातल्या माशाने डोंबिवलीत राहायला यावं, यात त्या माशाची काही चूक नव्हती.

चूक होती ठाण्याच्या एका दुकानात काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या माझी. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. गोड्या पाण्यातले गप्पी घरोघरी झाले होते, पण खाऱ्या पाण्यातला जोकर मासा अख्ख्या डोंबिवलीत (निदान आमच्या गल्लीत) कुणाकडे नव्हता! नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. मी भाळलो आणि घेऊन आलो. घरी टाकीत सोडल्यावर बायकोने, म्हणजे सुनंदाने, त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं.

"अहो, याची शेपूट कुठंय?"

शेपूट होती, पण उंदराने कुरतडलेल्या वहीसारखी! परांच्या तर चिंध्या झालेल्या. दुकानातल्या मोठ्या माशांनी त्याला चावून ठेवलं होतं आणि मी रंग बघत बसलो होतो.

"तुम्हाला मंडईत किडकं वांगं दिसत नाही, मासा काय दिसणार?" सुनंदा म्हणाली. "हा दगावला ना, तर ही टाकी जाणार आणि इथे माझं शिलाई मशीन येणार. सांगून ठेवते!"

मी पेटलो. शेजारच्या कर्णिक काकांकडे धावलो (आमचा टेलिफोन अजून यायचा होता) आणि दुकानदाराला फोन लावला.

"पर परत येतात साहेब, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "पाणी क्लीन ठेवा, मधूनमधून थोडं बदला. पण खारंच हां! आणि त्याला एकदम शांतता पाहिजे."

शांतता! फोन कर्णिक काकांच्या हॉलमधून केलेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं की आमच्याकडे पेशंट आहे. आणि पेशंटला भेटायला न जाणं म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये थेट भांडण काढणं!

रविवारी कर्णिक काका सहकुटुंब आले. वरच्या मजल्यावरच्या साठे काकू शहाळं घेऊन आल्या. ("त्याला नाही हो, तुम्हाला. धावपळ होत असेल.") सगळे टाकीसमोर बसले आणि पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात बोलू लागले.

"चेहऱ्यावर तेज आहे हं," कर्णिक काका म्हणाले.

"खातो का काही?" साठे काकूंनी विचारलं.

"सकाळी थोडी कोलंबी घेतली," मी म्हणालो.

"दुखण्यात कोलंबी? मऊ भात द्या हो!"

माझी आई तर हळदीचा डबा घेऊनच उभी. "चिमूटभरच टाकते रे. जखम म्हटली की हळद हवीच."

"आई, हात मागे घे!"

एवढे प्रेक्षक बघून मलाही चेव आला. सगळ्यांसमोर पाणी बदलून दाखवायचं ठरवलं! ऑफिसातल्या एका मित्राने होडीतून भरून आणलेलं समुद्राचं पाणी मी, पेशंटचं म्हणून, स्वच्छ जागी ठेवलं होतं. म्हणजे स्वयंपाकघरात. पिण्याच्या पाण्याच्या कॅनशेजारी. तसल्याच कॅनमध्ये.

मी अर्धी टाकी उपसली, कॅन ओतला आणि खारेपणाचं महत्त्व सांगायला लागलो. तेवढ्यात सुनंदाने चहा आणला.

कर्णिक काकांनी घोट घेतला. थांबले. गिळला. "वा," ते म्हणाले.

"चव आहे हं चहाला," साठे काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (दूधही जरा नासल्यासारखं दिसत होतं, पण दुसऱ्याच्या घरच्या चहाला नावं ठेवतील तर ती आमची बिल्डिंग कसली!)

मग मी घोट घेतला.

"सुनंदा! पाणी कुठलं घेतलंस?"

"नळ गेला म्हणून कॅनमधलं घेतलं. का?"

चहात समुद्र होता! मग टाकीत काय होतं? मी वळून पाहिलं. जोकर कोपऱ्यात तिरका पडला होता, कल्ले धापा टाकत होते. शिलाई मशीन गेलं खड्ड्यात, मला तो मासा जगायला हवा होता!

"उपसा! उपसा!" मी किंचाळलो. आईने डबा टाकून तांब्या उचलला, काकूंनी कपबशाच बुडवल्या. कर्णिक काका नळीला तोंड लावून पाणी ओढू लागले.

"खारं लागतंय का, काका?"

"त्या चहानंतर मला काहीच कळेनासं झालंय!"

चहातून वाचलेला समुद्र मी टाकीत ओतला. बऱ्याच वेळाने जोकर हलला, सरळ झाला आणि आमच्याकडे बघत तोंड उघडू-मिटू लागला. त्याला शिव्या येत असत्या तर त्याने तेव्हाच दिल्या असत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आनंदाने मी कर्णिक काकांना मिठी मारली!

पुढे त्याची शेपूट छान भरून आली. टाकी राहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. मी हॉलमध्ये, टाकीसमोरच अंथरुणाला खिळलेलो. मंडळी रिवाजाप्रमाणे भेटायला आली.

"किती सुकलाय हो बिचारा!" साठे काकू कळवळून म्हणाल्या. "कुणी लक्षच देत नाही वाटतं त्याच्याकडे!"

मला भरून आलं. "होईन हो बरा, काकू," मी क्षीण आवाजात म्हणालो.

काकूंनी दचकून मागे वळून पाहिलं. "अगं बाई! तुम्हाला काय झालं?"